निरोप द्यावा, दवंडी पिटू नये

(दुकानदार आणि लघुउद्योजकांसमोर ‘लघुसंदेशाद्वारे व्यवसायवृद्धी’ या विषयावर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धनत्रयोदशीच्या सकाळचे एखाद्या मध्यमवर्गीय घरातील दृश्य डोळ्यांसमोर आणावे. गृहिणीचे हात करंजीच्या पिठात आहेत आणि ओट्यावर ठेवलेला मोबाइल दर दहा मिनिटांनी वाजतो आहे. सराफाचा संदेश, बांधकाम व्यावसायिकाचा संदेश, कर्ज देऊ इच्छिणाऱ्या कुणाचा तरी संदेश, कधीही पाऊल न टाकलेल्या जिमखान्याचा संदेश. दुपारी ती हात धुऊन फोन घेते आणि न वाचताच सगळे एका झटक्यात पुसून टाकते. त्या पुसल्या गेलेल्या ढिगात तिच्या नेहमीच्या साडीवाल्याचाही संदेश असतो. तिने मागितलेली नारायणपेठ अखेर दुकानात आली आहे, एवढेच त्याला कळवायचे होते. गोंगाट दुसऱ्यांनी केला आणि नुकसान त्याचे झाले.

आजच्या विषयाचे मर्म या दृश्यात आहे. आपल्याकडे पूर्वी गावाला काही कळवायचे दोन मार्ग होते. एक दवंडी आणि दुसरा निरोप. दवंडी चव्हाट्यावर पिटली जाई. ज्याला ऐकायची त्याने ऐकावी. निरोप मात्र माणूस घरी येऊन देई. तो उंबरठ्याबाहेर उभा राही, कुणाकडून आलो ते सांगे, मोजके बोले आणि निघून जाई. लघुसंदेश, म्हणजे आपला एसएमएस, हा स्वभावाने निरोप आहे. तो थेट माणसाच्या हातात पडतो. आजच्या बहुतेक चुका एकाच चुकीची पिल्ले आहेत. व्यापारी निरोपाची दवंडी करतो!

साधन जुने झाले म्हणून त्याला कमी लेखू नये. 3 डिसेंबर 1992 रोजी नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने इंग्लंडमध्ये जगातील पहिला लघुसंदेश पाठवला. तो नाताळच्या शुभेच्छांचा होता. त्यानंतर संपर्काची कितीतरी नवी साधने आली. पण इंटरनेट नसलेल्या, बटणांच्या साध्या फोनवरही पोहोचणारा हा निरोप टिकून आहे. बँकेचा ओटीपी, गॅस सिलिंडरची नोंदणी, रेल्वेच्या आरक्षणाची स्थिती आजही त्याच वाटेने येते. छोट्या दुकानदाराला काही पैशांत आपल्या ग्राहकाच्या खिशापर्यंत जाता येते, हे खरोखर मोठे बळ आहे. म्हणूनच ते उधळू नये.

समजा, डोंबिवलीच्या फडके रोडवर एक साड्यांचे दुकान आहे. वडिलांनी उभे केलेले, आता मुलगा चालवतो. चार विक्रेत्या कामाला आहेत. वर्षाच्या विक्रीचा मोठा हिस्सा दसरा ते दिवाळी या तीन आठवड्यांत होतो. शेजारी मोठे वातानुकूलित दालन उघडले आहे आणि मुलाच्या मनात धास्ती आहे. लघुसंदेशाची मोहीम करायचे तो ठरवतो. त्याच्याकडून कोणकोणत्या चुका होऊ शकतात, ते क्रमाने पाहू.

पहिली चूक विकत घेतलेल्या यादीची. कुणीतरी त्याला सांगतो, ‘पन्नास हजार नंबर आहेत, स्वस्तात देतो.’ ही यादी कुठून आली, हे विकणाराही सांगत नाही. त्यातील माणसांनी या दुकानाचे नावही ऐकलेले नसते. अनोळखी घरांच्या कड्या वाजवत फिरणाऱ्याला लोक चहा विचारत नाहीत, कुत्रे सोडतात. याउलट वडिलांच्या खातेवहीत जेमतेम बाराशे नावे असतील. पण त्यातील प्रत्येक नावाने कधी ना कधी गादीवर बसून साडी निवडली आहे. लक्ष्मीपूजनाला ज्या वहीची पूजा होते, ती हीच. पन्नास हजार अनोळखी क्रमांकांपेक्षा ही बाराशे नावे अधिक मोलाची, हे मुलाने आधी मनाशी पक्के करायला हवे.

मात्र वहीत क्रमांक आहे म्हणजे परवानगी आहे, असेही नव्हे. बिल करताना क्रमांक घेतला, तो बिलासाठी. सोडतीच्या पेटीत ग्राहकाने चिठ्ठी टाकली, ती सोडतीसाठी. त्यावर पुढे वर्षभर जाहिराती पाठवणे हा विश्वासाचा गैरवापर आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, फेब्रुवारी 2025 मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार, एखादा व्यवहार पूर्ण करण्यासाठी ग्राहकाने दिलेली संमती सात दिवसांपुरतीच ग्राह्य धरली जाते. 2023 मध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षणाचा कायदा संमत केला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली, तिचा वापर त्याच कामासाठी करावा, हे त्या कायद्याचे सूत्र आहे. गल्ल्यावर एक साधा प्रश्न विचारावा, ‘ताई, नवा माल आला की कळवू का?’ ताई ‘हो’ म्हणाल्या, तर त्याची रीतसर नोंद करावी. ‘नको’ म्हणाल्या, तर हसून बिल द्यावे. या एका प्रश्नात निम्मे यश सामावलेले आहे.

दुसरी चूक नियमांना ‘सरकारी कटकट’ समजण्याची. नको असलेल्या व्यापारी फोन-संदेशांविरुद्ध आपल्या देशात पहिले नियम 2007 मध्ये आले. 2010 मध्ये ते अधिक कडक झाले आणि 19 जुलै 2018 रोजी ट्रायने आजची व्यवस्था घडवणारे विनियम काढले. या व्यवस्थेत व्यापाऱ्याला दूरसंचार कंपनीच्या ‘डीएलटी’ मंचावर आपल्या व्यवसायाची नोंदणी करावी लागते. संदेशाच्या माथ्यावर झळकणारी सहा अक्षरांची ओळख नोंदवावी लागते. संदेशाच्या मजकुराचा साचाही आधी मंजूर करून घ्यावा लागतो. त्यात बदलणाऱ्या जागा, जसे की नाव, रक्कम, तारीख, वेगळ्या दाखवायच्या असतात. पाठवलेला संदेश मंजूर साच्याशी जुळला नाही, तर तो वाटेतच अडतो. मार्च 2021 मध्ये ही तपासणी प्रत्यक्ष सुरू झाली, तेव्हा ज्यांनी साचे वेळेवर नोंदवले नव्हते त्यांचे संदेश अडकले. बँकांचे ओटीपीही खोळंबले आणि ट्रायला ती तपासणी सात दिवस स्थगित ठेवावी लागली. मोठमोठ्या संस्थांची ही गत झाली, तिथे दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी साचा नोंदवायला धावणाऱ्या दुकानदाराचे काय होणार? हे काम श्रावणातच उरकलेले बरे.

काही जण यावर ‘युक्ती’ काढतात. साधे सिमकार्ड घ्यायचे आणि स्वतःच्या दहा आकडी क्रमांकावरून शेकडो संदेश सोडायचे. ही युक्ती दुकानाच्या मुळावर येऊ शकते. व्यापारी प्रचारासाठी सामान्य दहा आकडी क्रमांक वापरण्यास मनाई आहे. नको असलेला संदेश आल्यापासून सात दिवसांत ग्राहक 1909 या क्रमांकावर तक्रार करू शकतो. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी आल्यावर कारवाईचा विचार होई. 2025 च्या दुरुस्तीनंतर दहा दिवसांत पाच तक्रारी पुरेशा आहेत. पहिल्या उल्लंघनाला त्या व्यावसायिकाची बाहेर जाणारी दूरसंचार सेवा पंधरा दिवस बंद होऊ शकते. पुन्हा तेच घडले, तर सर्व कंपन्यांकडील जोडण्या वर्षभरासाठी तोडल्या जातात आणि नाव काळ्या यादीत जाते. फडके रोडवरच्या त्या दुकानाचा हिशेब मांडून पाहावा. हंगाम तीन आठवड्यांचा आणि त्यातले पंधरा दिवस फोन मुका! विणकराला मागणी कळवता येत नाही, ग्राहकाला ‘ब्लाउज शिवून तयार आहे’ हे सांगता येत नाही. पाच अनोळखी माणसांच्या रागाची ही किंमत चार विक्रेत्यांच्या दिवाळीतून वसूल होते.

तिसरी चूक ग्राहकाच्या नोंदवलेल्या नकाराकडे दुर्लक्ष करण्याची. 1909 वर ‘फुली ब्लॉक’चा पर्याय घेतलेल्या माणसाने सर्वच प्रचाराला दार लावलेले असते. काहींनी अंशतः नकार दिलेला असतो. बँक व विमा, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य, पर्यटन अशा वर्गांपैकी हवे ते ठेवून नको ते बंद करण्याची त्यांना मुभा आहे. अशा व्यक्तीने दुकानाला स्वतंत्र, नोंदवलेली संमती दिली असेल, तरच तिला संदेश जावा. ‘आपले जुनेच गिऱ्हाईक आहे, चालेल,’ ही समजूत घातक ठरते. जुन्या गिऱ्हाइकाचा राग अधिक खोल असतो.

चौथी चूक व्यवहाराच्या निरोपात जाहिरात मिसळण्याची. ‘आपली साडी फॉल-पिको होऊन तयार आहे’ हा सेवेचा संदेश झाला. त्याच्या शेपटीला ‘आणि आजच पैठणीवर 20 टक्के सूट’ असे जोडले, की तो प्रचाराचा होतो आणि त्याला प्रचाराचे नियम लागतात. आता संदेशाच्या माथ्यावरील ओळखीपुढे एक अक्षरही असते. ‘पी’ म्हणजे प्रचार, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार आणि ‘जी’ म्हणजे शासन. ग्राहकाला न उघडताच कळते की निरोप कोणत्या जातकुळीचा आहे. त्यामुळे सेवेच्या पिशवीतून जाहिरात सरकवणारा आता लवकर उघडा पडतो.

पाचवी चूक लिपीच्या आणि लांबीच्या अज्ञानातून होते. ती विशेष करून मराठीत लिहिणाऱ्यांनी समजून घ्यावी. एका लघुसंदेशात मजकुरासाठी 1120 बिट इतकी जागा असते. साध्या रोमन लिपीत प्रत्येक अक्षराला 7 बिट लागतात, म्हणून 160 अक्षरे बसतात. देवनागरीसाठी युनिकोड वापरावा लागतो. त्यात प्रत्येक चिन्हाला 16 बिट लागतात, म्हणून केवळ 70 चिन्हे बसतात. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांतील प्रत्येक खूण वेगळी मोजली जाते. ‘नमस्कार’ या शब्दात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात. यंत्र सात मोजते. मजकूर 70 च्या पुढे गेला, की संदेशाचे तुकडे होतात. ते जोडण्याची खूणगाठही जागा खाते, म्हणून प्रत्येक तुकड्यात 67 चिन्हेच उरतात. पैसे तुकड्यागणिक मोजावे लागतात.

रोमन लिपीत लिहिणाराही इथे फसतो. मजकुरात ₹ हे चिन्ह किंवा एखादे हसरे चित्र घातले, की सबंध संदेश युनिकोडमध्ये जातो आणि 160 अक्षरांची जागा 70 वर येते. 150 अक्षरांचा, एकात मावणारा संदेश एका चिन्हापायी तीन संदेशांच्या दराने जातो. बाराशे ग्राहकांचे बिल छत्तीसशे संदेशांचे येते आणि मालकाला कारण कळत नाही.

म्हणून मराठी सोडावी का? मुळीच नाही. आजीला, मावशीला रोमन लिपीतले मराठी अडखळत वाचावे लागते. देवनागरीतला निरोप आपल्या माणसाचा वाटतो. उपाय काटकसरीचा आहे. ‘आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांना कळवण्यास अत्यंत आनंद होतो की’ या पाल्हाळातच पहिला संदेश संपतो. त्याऐवजी असे लिहावे : ‘दसऱ्यासाठी नव्या इरकल व नारायणपेठ साड्या आल्या आहेत. रविवारपर्यंत 10 टक्के सवलत. फडके रोड, डोंबिवली.’ हा मजकूर शंभर चिन्हांच्या आसपास भरतो. दुकानाचे नाव आणि नकाराची वाट जोडूनही दोन भागांत बसवता येतो. काय आले, किती सवलत, केव्हापर्यंत आणि कुठे, या चारही प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत.

दुकानाचे नाव मजकुरात हवेच. माथ्यावरील सहा अक्षरांच्या आधी दूरसंचार कंपनी आणि सेवाक्षेत्र दाखवणारी अक्षरे येतात. त्या सांकेतिक गुंत्यातून दुकान ओळखणे ग्राहकाला जमत नाही. ज्या निरोप्याला ‘कुणाकडून आलास?’ असे विचारावे लागते, त्याचे पुढचे बोलणे कुणी ऐकत नाही.

सहावी चूक दुव्यांची, म्हणजे लिंकची. आज घरोघरी वडीलधाऱ्यांना बजावले जाते, ‘आजोबा, संदेशातल्या लिंकवर बोट लावू नका.’ वीज तोडण्याची धमकी, अडकलेले पार्सल, बँक खाते बंद होण्याची भीती, अशा बहाण्यांनी भामट्यांनी लोकांची आयुष्यभराची पुंजी लुटली आहे. या पार्श्वभूमीवर दुकानदाराने तुटकतुटक अक्षरांची, कुठे नेते ते न कळणारी लिंक पाठवली, तर शहाणा ग्राहक ती उघडणार नाही, आणि तेच योग्य आहे. ऑक्टोबर 2024 पासून, आधी नोंदवून मान्य करून न घेतलेल्या लिंक असलेले संदेश कंपन्यांनी अडवावेत, असा ट्रायचा आदेश लागू झाला. लिंक आवश्यकच असेल, तर दुकानाच्या स्वतःच्या संकेतस्थळाची, नाव स्पष्ट दिसणारी आणि नोंदवलेली असावी. साडी विकायला मात्र बहुधा पत्ता पुरतो.

सातवी चूक वेळेची आणि वारंवारतेची. प्रचाराचे संदेश सकाळी 10 ते रात्री 9 याच वेळेत पाठवायचे असतात. पण नियमापलीकडेही घराघराचा एक दिनक्रम असतो. दुपारची डुलकी, संध्याकाळची दिवेलागण, मुलांच्या परीक्षेचे दिवस यांचे भान दुकानदाराला नसेल तर कुणाला असणार? गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि बलिप्रतिपदा या साडेतीन मुहूर्तांच्या सकाळी तर सर्वांचेच संदेश एकदम कोसळतात. त्या गर्दीत शिरण्याऐवजी चार-पाच दिवस आधी, खरेदीची यादी घरात होत असताना निरोप जावा. आणि तो नेमका असावा. महिन्याला एक-दोन निरोप येणाऱ्या दुकानाची ग्राहक वाट पाहतो. दर दोन दिवसांनी येणाऱ्याला तो कंटाळतो. अति तेथे माती, हे इथेही खरेच.

आठवी चूक खोट्या घाईची. ‘शेवटचे दोन तास!’ असे कळवायचे आणि आठवडाभर तीच सवलत चालू ठेवायची. गिऱ्हाईक एकदा धावत येते, दुसऱ्यांदा हसते. ही केवळ नीतीची गोष्ट राहिलेली नाही. केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 रोजी फसव्या विक्रीतंत्रांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली; त्यातील तेरा प्रकारांमध्ये खोट्या घाईचा समावेश आहे. याचीच बहीण म्हणजे गल्ल्यावरची विसंगती. संदेश वाचून बाई रिक्षा करून येतात आणि विक्रेती म्हणते, ‘आम्हाला काही सांगितलेलं नाही, मॅडम.’ त्या क्षणी चार पिढ्यांची पत चार माणसांसमोर खाली येते. संदेश सुटण्याआधी तो दुकानातील प्रत्येकाला वाचून दाखवावा.

नववी चूक परतीचे दार बंद ठेवण्याची. प्रचाराच्या संदेशात नकाराचा मार्ग देणे आता बंधनकारक आहे, आणि एकदा नकार आला की त्या ग्राहकाकडे 90 दिवस पुन्हा संमती मागता येत नाही. पुष्कळांना हा तोटा वाटतो. वस्तुतः तो लाभ आहे. ज्याला दार सापडते तो शांतपणे निघून जातो; ज्याला सापडत नाही तो 1909 वर जातो. दुकानात येऊन काही न घेता परतणाऱ्यालाही वडील ‘पुन्हा या’ म्हणत असत. पुढच्या लग्नसराईत तोच माणूस बस्त्यासाठी येई.

दहावी आणि शेवटची चूक हिशेब न ठेवण्याची. ‘बाराशे संदेश गेले’ हे काही यश नव्हे. त्यातले पोहोचले किती, संदेश दाखवून दुकानात आले किती, खरेदी किती झाली आणि नकार किती आले, हे चार आकडे वहीच्या एका पानावर मांडावेत. पहिल्या खेपेस दोनशे जणांनाच पाठवून पाहावे आणि त्यावरून मजकूर सुधारावा. बंद पडलेले, बदललेले क्रमांक वेळच्या वेळी काढून टाकावेत. कारण तोच क्रमांक काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला मिळालेला असतो आणि त्याने आपल्याला संमती दिलेली नसते.

मित्रहो, या दहा चुकांची यादी लांबली. पण त्यांचे औषध एकच आहे. आपल्याकडे ग्राहकाच्या हक्काचा विचार नवा नाही. 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. तो 1986 मध्ये आला. ग्राहक आणि व्यापारी हे एकमेकांचे शत्रू नसून एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत, ही त्यामागची जाण होती. लघुसंदेशाच्या बाबतीत तीच जाण पुरे पडते.

फडके रोडवरच्या त्या दुकानाकडे शेवटी एकदा वळू. शेजारच्या दालनाकडे काचेची तावदाने आहेत, जाहिरातीचा पैसा आहे, लाखोंची यादी आहे. या मुलाकडे काय आहे? कुणाच्या आईला जरीकाठ आवडतो, कुणाच्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात आहे, कुणाला हिरवा रंग चालत नाही, हे लिहिलेली वडिलांची वही आहे. पन्नास हजारांना एकच ओरड ऐकवण्यात ते दालन त्याला नेहमीच हरवेल. पण बाराशे घरांत योग्य वेळी, परवानगीने, नाव सांगून, खरा आणि मोजका निरोप देण्यात त्याला कुणी हरवू शकणार नाही.

धनत्रयोदशीच्या दुपारी ती गृहिणी पुन्हा फोन हातात घेईल. सगळे संदेश पुसण्यासाठी तिचे बोट पुढे जाईल आणि एका नावाशी थांबेल. ते बोट तिथे थांबावे, एवढ्यासाठीच वर्षभराचा सारा संयम आहे.